भाषणं यूट्यूबवर येतातच: ॲमस्टरडॅमच्या वेब कॉन्फरन्सला जाताना

सीएसएस म्हणजे वेबपानं दिसावीत कशी ते सांगणारी भाषा. पहिल्या वर्षी मी तिच्यावरच्या ॲमस्टरडॅमच्या ‘सीएसएस डे’ या कॉन्फरन्सला गेले, तेव्हा दोन दिवसांत एकूण चार माणसांशी बोलले. एक दारात बिल्ला देणारी, एक कॉफी ओतणारा, एक ‘ही खुर्ची रिकामी आहे का’ असं विचारणारा, आणि चौथा माझा चार्जर भिंतीतल्या सॉकेटात शिरेना म्हणून मदतीला आलेला. भाषणं मात्र सगळी ऐकली. पहिल्या रांगेत बसून, वही भरून. परत आल्यावर काही दिवसांनी तीच भाषणं यूट्यूबवर आली, फुकट. व्हिसा, विमान, हॉटेल, रजा एवढा घाट घालून मी जे आणलं ते घरी पलंगावर लोळत मिळालं असतं.

दुसऱ्या खेपेला मी उलट केलं. भाषणांच्या मधल्या सुट्ट्या हाच मुख्य कार्यक्रम धरला आणि हॉटेलपासून झोपेपर्यंत बाकी सगळं त्याभोवती बसवलं. खाली लिहिलंय ते त्यातून आलेलं. मी स्वभावाने घुमी आहे. अनोळखी घोळक्यात आपणहून जाऊन उभं राहायचं म्हटलं की मला अचानक फोनमध्ये महत्त्वाचं काम निघतं. त्यामुळे बोलघेवड्या मंडळींना यातलं बरंचसं बाळबोध वाटेल. त्यांनी व्हिसाचा भाग तेवढा वाचावा आणि निघावं.

कोणती कॉन्फरन्स

ॲमस्टरडॅममध्ये वेबवाल्यांचे मेळावे बरेच होतात. जूनमध्ये जावास्क्रिप्टवाल्यांचे ‘जेएस नेशन’ आणि ‘रिॲक्ट समिट’ असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला वेबसाइटच्या वेगावरची ‘परफॉर्मन्स डॉट नाऊ’ असते. सीएसएस डे २०१३ साली सुरू झाला. तोही जूनमध्ये, अलीकडे गुरुवार-शुक्रवार असे दोन दिवस. शेजारच्या ब्रसेल्समध्ये थंडीत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं ‘फॉसडेम’ भरतं. तिथे तिकीट नाही, नावनोंदणी नाही, विद्यापीठाच्या इमारतींत सरळ घुसायचं. पण खोली भरली की दारावर ‘फुल’ची पाटी लागते आणि तुम्ही बाहेर.

पहिल्यांदा जात असाल तर एकच मंच असलेली कॉन्फरन्स निवडा. कारण साधं आहे: सगळ्यांनी तेच भाषण ऐकलेलं असतं. कॉफीच्या रांगेत शेजारच्याशी काय बोलायचं हा प्रश्न आपोआप सुटतो. चार-पाच मंच असले की अर्धा वेळ कुठे जायचं हे ठरवण्यात जातो आणि उरलेला अर्धा ‘त्या दुसऱ्या हॉलमध्ये भारी चाललं असेल’ या हळहळीत. हजारो माणसांच्या मेळाव्यात घुमा माणूस सहज लपून राहतो, आणि लपायचं असेल तर घर काय वाईट आहे?

ऑफिसला काय सांगायचं

‘शिकायला मिळेल’ असं लिहिलेला अर्ज कुठल्याच मॅनेजरला हलवत नाही. मी तीन प्रश्न लिहून दिले. आमच्या वेबपानावरच्या टेबलाचं हेडर, म्हणजे मथळ्यांची ओळ, पान सरकवलं तरी वर चिकटून राहायला हवं; आडवं स्क्रोल दिलं की ते चिकटत का नाही? आत काय आहे ते बघून बाहेरचा एलिमेंट निवडणारा सीएसएसचा ‘हॅज’ सिलेक्टर डिसेंबर २०२३मध्ये फायरफॉक्सच्या १२१व्या आवृत्तीत आला, म्हणजे आता तो सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. मग आतल्या एलिमेंटवरून बाहेरच्याला रंग द्यायला आपण लिहिलेलं जावास्क्रिप्ट अजून का वागवतोय? आणि कंटेनर क्वेरीज (भोवतीच्या चौकटीच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलायची सोय) २०२३च्या फेब्रुवारीपासून सगळीकडे चालत असताना आपल्या कार्डांचे साचे अजून स्क्रीनच्या रुंदीवर का अवलंबून आहेत? खाली लिहिलं की या तिन्हींची उत्तरं घेऊन येईन आणि आल्यावर आठवड्याच्या आत टीमला तासभर सांगेन.

तिकिटाचे पैसे मिळाले, विमानाचे अर्धे. उरलेले मी घातले. कंपनीने काहीच दिलं नाही तरी दोन वाटा उरतात. बऱ्याच कॉन्फरन्सेसमध्ये सवलतीची किंवा फुकट तिकिटं राखून ठेवलेली असतात, ती मागायला लाजू नका. दुसरी वाट म्हणजे स्वतः भाषणाचा प्रस्ताव पाठवायचा. चांगल्या कॉन्फरन्सेस वक्त्यांचा प्रवास आणि राहणं बघतात. पण ‘आम्ही फक्त तिकीट माफ करू’ म्हणणाऱ्याही असतात, म्हणून हो म्हणण्याआधी नीट विचारून घ्या.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो, आणि सगळ्या खटाटोपात जास्तीत जास्त वेळ तोच खातो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची. ती शेवटची तारीख विसरूनच जा. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण त्यांना वाटलं तर ४५ दिवसांपर्यंत लांबवता येतो, आणि अपॉइंटमेंटची वाट बघण्यात गेलेले आठवडे त्यात धरलेले नसतात. जूनच्या कॉन्फरन्सचा अर्ज मार्चमध्ये गेला म्हणजे रात्री शांत झोप लागते.

फी जून २०२४पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे. अर्ज घेणाऱ्या सेवा केंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण शेंगेन भागात चालणारा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, दोन पानं कोरी हवीत आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी त्याची मुदत हवी. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. ‘जाताजाता पॅरिस बघू’ म्हणत तिथले दिवस वाढवलेत, तर अर्ज नेदरलँड्सकडे चालणार नाही.

तिकीट काढल्याबरोबर आयोजकांना निमंत्रणपत्र मागा. त्यात तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, कॉन्फरन्सच्या तारखा, पत्ता आणि तिकिटाचे पैसे भरल्याचा उल्लेख हवा. माझ्या पहिल्या पत्रात वडिलांचं नाव गळलं होतं. पुन्हा मागवलं, त्यात सहा दिवस गेले. प्रवासाचं कारण लिहिताना परिषद आहे तर परिषदच लिहा. पर्यटन सोपं पडेल म्हणून तसं लिहायचं आणि सोबत कॉन्फरन्सचं पत्र जोडायचं, हा स्वतःच्या पायावर धोंडा. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं परत न होणारं तिकीट काढू नका, हॉटेलही रद्द करता येणारंच घ्या.

एक बातमी चांगली आहे. एप्रिल २०२४मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम थोडे सैल केले: गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. म्हणजे पहिल्या दोन खेपांचे कागद पुढच्या खेपांसाठी गुंतवणूक आहेत, सगळे जपून ठेवा. बोटांचे ठसेही एकदा दिले की ५९ महिने पुन्हा द्यावे लागत नाहीत.

१२ ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शिक्क्याऐवजी संगणकात नोंद, आणि खिडकीपाशी चेहऱ्याचा फोटो. रांग लांबू शकते, तेव्हा उतरल्या उतरल्या कोणाला भेटायचं ठरवू नका. अजून एक: बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप सामानात नको. चिवडा, चकली चालते, आणि चकली कॉन्फरन्समध्ये कशी उपयोगी पडते ते पुढे येईलच.

कुठे राहायचं

सीएसएस डे झाउडरकेर्क नावाच्या चर्चमध्ये भरतो. नावाचा अर्थ दक्षिणेकडचं चर्च. हेंड्रिक द केइझरने बांधलेलं, १६०३ ते १६११. मुळात प्रोटेस्टंट प्रार्थनेसाठीच उभारलेलं हे ॲमस्टरडॅममधलं पहिलं चर्च. चित्रकार रेम्ब्रांट जवळच राहायचा. त्याची तीन मुलं इथे पुरलेली आहेत. जमेल तर सिंट आंतोनीसब्रेस्त्राट या रस्त्यावरच्या कमानीतून आत या. तिच्यावर कवटी आणि हाडं कोरलेली आहेत. पहिल्या दिवशी त्या कवटीखालून फ्लेक्सबॉक्स (पानावरची मांडणी करायची सीएसएसची एक रीत) ऐकायला जाताना मला उगाचच हसू आलं होतं.

चर्चच्या आसपासची हॉटेलं महाग असतात, आणि खोलीच्या भाड्यावर ॲमस्टरडॅम शहर २०२४पासून साडेबारा टक्के पर्यटक कर लावतं. संकेतस्थळावरच्या किमतीत तो धरलाय का हे बघूनच तुलना करा. स्वस्त म्हणून लोक हार्लेम किंवा झांदाममध्ये राहतात. आगगाडीने दहा-पंधरा मिनिटं लागतात, वाईट नाही. मला मात्र आग्नेयेकडचा बाइल्मर भाग सोयीचा पडला. तिथून ५४ नंबरची मेट्रो गाडी न बदलता नीउमार्क्टला सोडते, आणि नीउमार्क्टहून चर्च दोन-तीन मिनिटांवर. संध्याकाळच्या गप्पा रंगल्या तरी शेवटची आगगाडी चुकेल ही धाकधूक नाही. हॉटेल निवडताना मी एकच प्रश्न विचारते: रात्री अकराला ‘मला निघायला हवं’ असं म्हणावं लागेल का? गप्पा खऱ्या अर्थाने नऊनंतरच सुरू होतात. जूनमध्ये तिथे सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे नऊला कोणाला रात्र झाल्यासारखं वाटतच नाही.

नीउमार्क्ट स्टेशनात भिंतींकडे जरा बघा. ही मेट्रो बांधायला इथली घरं पाडली, त्यावरून १९७५ साली मोठी दंगल झाली. स्टेशनातली कलाकृती त्याचीच आठवण आहे; इमारती पाडायचा गोळा सुद्धा टांगलाय.

वाहतूक, पैसे, पाणी

स्किपोल विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. मध्यवर्ती स्थानकापर्यंत पाव तास. तिथून ५१, ५३ किंवा ५४ मेट्रो, पहिलंच स्टेशन नीउमार्क्ट. तिकीट काढत बसू नका, बँकेचं कार्ड फाटकावर टेकवलं की झालं. पण त्यात दोन खाचा आहेत. चढताना टेकवलं तसं उतरतानाही टेकवायचंच, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. आणि जाताना फोन टेकवला नि उतरताना पाकिटातलं कार्ड, असं केलंत तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. खातं एकच असलं तरी. आगगाडीतून मेट्रोत जातानाही एकीकडे बाहेर पडल्याची आणि दुसरीकडे आत शिरल्याची अशी दोनदा टेकवाटेकवी.

भारतीय कार्डांवर परदेशातले आणि कार्ड यंत्रात न घालता नुसतं टेकवून करायचे व्यवहार बँकेच्या ॲपमधून मुद्दाम चालू करावे लागतात. ते निघण्याआधी घरीच करा. परदेशात ओटीपी यायची वाट बघत फाटकापाशी उभी राहिलेली मी तुम्हाला सांगतेय.

सॉकेट गोल आणि खोलगट असतात. आपला दोन पिनांचा बारीक चार्जर बहुधा बसतो, लॅपटॉपचा तीन पिनांचा अजिबात नाही. ॲडॉप्टर घ्या. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, रिकामी बाटली ठेवा. लालसर रस्ता दिसला की तो सायकलींचा. त्यावर उभं राहून नकाशा बघणाऱ्या माणसाला डच लोक घंटी वाजवून जे सांगतात त्याचं भाषांतर करायची गरज पडत नाही. जूनमध्येही स्वेटर आणि पावसाळी जाकीट लागतं. कपडे साधेच, सूट घालून आलात तर लोक तुम्हाला प्रायोजक समजतील.

निदान एक पूर्ण दिवस आधी पोचा

उन्हाळ्यात भारताची वेळ साडेतीन तास पुढे असते. ऐकायला कमी वाटतं. पण रात्री नऊला तुमचं शरीर साडेबारा वाजलेत म्हणतं, आणि नेमक्या त्याच वेळी गप्पा रंगतात. पहिल्या वर्षी मी कॉन्फरन्सच्या आदल्या रात्री उतरले आणि दोन्ही संध्याकाळी आठला डोळे मिटायला लागले. दुसऱ्या वर्षी मंगळवारी सकाळी पोचले, दुपारी झोपले नाही, उन्हात चालत राहिले. गुरुवारपर्यंत गाडी रुळावर.

आणि ऑफिसच्या रोजच्या मीटिंगमधून सुट्टी मागून घ्या. आमची साडेनऊची मीटिंग तिथे पहाटे सहाला पडते. ‘पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे’ म्हणून मी पहिल्या वर्षी रोज हजर राहिले. आता त्या मीटिंगमध्ये काय झालं ते एक अक्षर आठवत नाही.

प्रश्न घेऊन जा

हा सगळ्यात कामाचा भाग. अशा कॉन्फरन्सला ब्राउझर बनवणारे इंजिनिअर आणि सीएसएसचे नियम लिहिणाऱ्या कार्यगटातली माणसं येतात. ती आपल्यासारखीच कॉफीच्या रांगेत उभी असतात आणि ‘तुमचं भाषण छान झालं’ यापलीकडे त्यांच्याशी कोणी फारसं बोलत नाही. छान झालं म्हटल्यावर ते थँक्यू म्हणतात, मग दोघंही कपात बघतात. हा प्रसंग टाळायचा असेल तर हातात एक प्रश्न हवा, आणि प्रश्नाला दाखवता येईल असं शरीर हवं.

मी निघायच्या आधी आमच्या टेबलाचा नमुना सोलून काढला. कंपनीचा कोड, रंग, फाँट, फ्रेमवर्क सगळं काढून टाकत टाकत फक्त तीस ओळी ठेवल्या, ज्यात हेडर चिकटत नव्हतं. कोडपेन या कोडचे नमुने दाखवायच्या संकेतस्थळावर ठेवला, फोनमध्येही एक प्रत ठेवली, कारण गर्दीत वायफाय कधी दगा देईल सांगता येत नाही. मग कार्यगटाची चर्चा जिथे उघड चालते त्या गिटहब संकेतस्थळावर जाऊन त्या विषयावरच्या चर्चा वाचल्या. सगळ्या वाचवत नाहीत, काही काही धागे वर्षानुवर्षं चाललेले असतात. निदान सुरुवात आणि शेवटच्या दहा प्रतिक्रिया वाचा. समोरच्याने तिथे लिहिलेलंच तुम्ही त्याला विचारलं, तर गप्पा तिथेच संपतात.

पहिल्या दिवशी दुपारी मी एका ब्राउझर इंजिनिअरला तो नमुना दाखवला. ‘हा बग आहे ना?’ असं जरा ठसक्यातच विचारलं. त्याने फोन हातात घेतला, अंगठ्याने कोड वर सरकवला आणि म्हणाला, नाही. आडव्या दिशेला ‘ओव्हरफ्लो ऑटो’ (मावलं नाही तर स्क्रोल) दिलं की उभ्या दिशेचं ‘व्हिजिबल’ही (मावलं नाही तरी बाहेर दिसू दे) आपोआप ‘ऑटो’ होतं, तसा नियमच आहे. म्हणजे तुझा डबा दोन्ही दिशांना स्क्रोल होणारा डबा झाला. हेडर पानाला चिकटायचं सोडून त्या डब्याला चिकटतं, आणि डबा उभा स्क्रोल होतच नाही, म्हणून तुला वाटतं ते चिकटत नाही. ते चिकटलंय. तू बघतेस ते चुकीच्या ठिकाणी.

डब्याला कमाल उंची दे, उभं स्क्रोल आतच होऊ दे, असं त्याने सुचवलं. दहा मिनिटं लागली. हे वाक्य कुठल्यातरी लेखात मी आधी वाचलेलंही असेन. पण आमच्या टीमने त्यावर तीन महिने जावास्क्रिप्ट घातलं होतं, आणि ‘ते चिकटलंय’ हे ऐकेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

बिल्ल्याचाही उपयोग करा. नाव आणि कंपनी वाचून कोणाला काय विचारायचं ते कळत नाही. मी खाली चिकटकागद लावून त्यावर इंग्रजीत ‘टेबलांबद्दल बोलूया’ असं लिहिलं. लिहिताना फार पोरकट वाटलं. पण दोन दिवसांत अकरा माणसं आपणहून टेबलांची गाऱ्हाणी घेऊन आली. घुम्या माणसाला दुसऱ्याने सुरुवात करून दिली की निम्मं काम झालं.

सुट्टीत कुठे उभं राहायचं

हॉलमध्ये मागे आणि कडेला बसा. पहिली रांग व्हिडिओत छान दिसते, पण टाळ्या संपायच्या आत तुम्हाला बाहेर पडता आलं पाहिजे. कॉफीच्या रांगेत पहिल्या दहांत असलात तर उरलेली वीस मिनिटं तुमची. टिपणं भाषणाची काढू नका, ती नेटवर येणारच आहेत. मी वहीच्या पानावर फक्त दोनच गोष्टी लिहिते: कोणाला काय विचारायचं, आणि घरी जाऊन काय करून बघायचं.

घोळक्यात शिरण्याबद्दल एक जुना संकेत आहे, एरिक होल्शर या प्रोग्रामरने मांडलेला: घोळका नेहमी जुन्या व्हिडिओ गेममधल्या पॅकमॅनच्या तोंडासारखा उघडा ठेवायचा, एका माणसाची जागा सोडून. अशी फट दिसली की ती तुमच्यासाठीच आहे असं समजा. जा, उभे राहा, ऐका. पहिली पाच मिनिटं काही बोललं नाही तरी चालतं. आणि स्वतः उभे असाल तेव्हा एक पाऊल बाजूला सरकून फट ठेवा. फट नसलेल्या घोळक्याच्या नादी लागू नका. ते बहुधा जुने मित्र असतात, वर्षातून एकदाच भेटणारे. तिसरा पर्याय म्हणजे माझ्यासारखे एकटे, भिंतीला टेकून फोनमध्ये महत्त्वाचं काम करणारे. त्यांच्याकडे चकलीचा डबा पुढे करा. हे काय आहे, कसं करतात, तिखट आहे का, एवढ्यात ओळख होते. (तिखट आहे. आधी सांगा.)

दमलात तर सरळ एखादं भाषण सोडा. पहिल्यांदा मला ते पाप वाटलं होतं. बाहेर पडा, पाण्याशेजारी बसा. दिवसाला एक भाषण सोडणारी माणसं संध्याकाळी ताजी असतात.

जेवण म्हणजे बहुतेक ब्रेड आणि त्यात काहीतरी. नावनोंदणीत शाकाहारी लिहा आणि समोर ‘व्हेखेतारीस’ असं लिहिलेलंच उचला. संध्याकाळी पेयांबरोबर बिटरबालन नावाचे गोल गरम तळलेले गोळे फिरतात, दिसायला अगदी बटाटेवड्याच्या लहान भावासारखे. आत बहुधा गोमांस असतं. विचारून खा. काटेकोर असाल तर चीजबद्दलही विचारा. डच चीजमध्ये बरेचदा वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. पेय म्हणजे दारूच असं नाही, हातात लिंबू-सोडा असला तरी कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

प्रत्येक चांगल्या कॉन्फरन्सची आचारसंहिता असते. ती वाचा आणि तक्रार कोणाकडे करायची ती दोन नावं लक्षात ठेवा. मला एकदा, दुसऱ्याच एका मेळाव्यात, त्यांची गरज पडली होती. पाच मिनिटांत प्रकरण मिटलं, कारण कोणाकडे जायचं ते माहीत होतं. कोणाचा फोटो काढण्याआधी विचारा. काही ठिकाणी बिल्ल्याच्या दोरीचा रंगच ‘माझा फोटो नको’ असं सांगतो.

हातात अर्धा दिवस उरला तर

संग्रहालयांची यादी कुठेही मिळेल. मी आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी दोन गोष्टी सांगते. १९५६ साली संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्त्रा आपल्या वाग्दत्त वधूबरोबर या शहरात खरेदी करून दमला, आणि दोघं एका कॅफेच्या बाहेरच्या टेबलापाशी कॉफी प्यायला बसली. दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची रीत त्याने तिथे वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, डोक्यात बसवली. प्रसिद्ध केली १९५९मध्ये. आपण फोनवर नकाशा बघत चर्च शोधतो ते त्या विचाराच्या नातवंडांच्या जोरावर. कॅफे कुठलाही निवडा आणि वीस मिनिटं फोन खाली ठेवून बसा, इतकीच ही यात्रा.

तो तेव्हा जिथे नोकरीला होता ती गणित संस्था पुढे सीडब्ल्यूआय झाली. ती आता शहराच्या पूर्वेला सायन्स पार्कमध्ये आहे. नोव्हेंबर १९८८मध्ये अमेरिकेतल्या इंटरनेटशी युरोपातून पहिली खुली जोडणी झाली ती इथे, आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची सुरुवातही इथेच, १९८९च्या डिसेंबरात. बाहेरून बघायला एक साधी इमारत. मी तरी जाऊन आले.

आणि रोटी खा. सुरिनामी उपाहारगृहांत मिळते, बाइल्मर भागात बरीच आहेत. १८७३मध्ये ‘लाला रुख’ नावाचं जहाज भारतीय मजुरांना घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत पोचलं. १९७५मध्ये तो देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला त्यांचे अनेक वंशज नेदरलँड्समध्ये आले. पोळी, बटाट्याची भाजी, चवळीच्या लांब शेंगा. चव ओळखीची वाटते आणि नाहीही. दोन दिवस ब्रेड खाल्ल्यावर मात्र असले प्रश्न पडत नाहीत.

परतताना

विमानातच लिहून काढा. उतरल्यावर कपडे, मेल, मीटिंगा, घर यांत सगळं पुसलं जातं. भेटलेल्या प्रत्येक माणसासमोर एक ओळ: कुठे भेटलो, काय बोललो, काय पाठवायचं कबूल केलं. ‘लिंक पाठवते’ असं आपण दहा जणांना म्हणतो आणि एकालाही पाठवत नाही, हे त्या दहा जणांनाही माहीत असतं. म्हणून पाठवलीत तर लक्षात राहता.

मेल लहान ठेवा. कुठे भेटलो, त्याने सांगितलेलं करून बघितल्यावर काय झालं, नमुन्याचा दुवा. पुन्हा काही मागू नका, निदान पहिल्या मेलमध्ये. टेबलाचं हेडर चिकटल्यावर मी त्या इंजिनिअरला लिहायला बसले तर अकरा ओळी झाल्या. पाठवण्याआधी सात खोडल्या. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, आणि शेवटी विचारलं होतं की ते गोल, काटेरी, तिखट काय होतं त्याचं नाव काय.